डावीकडचं कुलूप

माझा नवरा गेला, तरी त्याची पार्सलं येत राहिली. कुरिअरवाला फाटकाशी मोटरसायकल उभी करून त्याच्या नावानं हाक मारायचा, मी ओले हात पुसत जायची आणि सही करून खोका आत आणायची. ज्याला हाक मारतोस तो माणूस आता नाही, हे त्याला पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ते वाक्य जुळवायचा मला कंटाळा आला. कंटाळा हाच शब्द बरोबर आहे. दुःख लोकांनी माझ्या वतीनं भरपूर केलं. मला नुसता कंटाळा यायचा, हातपाय दुसऱ्याच कुणाचे वाटायचे आणि भूक मात्र वेळेवर लागायची.

एका खोक्यात पिवळा, रुंद, हाताला खरखरीत लागणारा ओढायचा पट्टा निघाला. दुसऱ्यात टायरमधली हवा मोजायचं घड्याळ. तिसऱ्यात काळ्या रबरी नळ्यांचं वेटोळं, त्याच्याबरोबर मूठभर क्लिपा. सगळं अंगणात उभ्या असलेल्या जीपसाठी होतं. खोके उघडून, बघून, मी ते बैठकीत त्याच्या फोटोखाली रचून ठेवायची. जागा तिथेच होती.

जीप त्यानं उन्हाळ्यात बोथच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. छोटी, दोन दारांची, मागे ताडपत्रीचं छत आणि आडवी बाकडी, चारही चाकांना जोर देणारी. घरात सांगितलेलं कारण म्हणजे माझी शाळा. आम्ही आदिलाबादकडच्या नार्नूरला राहतो, आणि माझी मराठी शाळा त्याच्याही पुढे, डोंगरातल्या एका गुड्यावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर आहे. मधे एक नाला आडवा येतो. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की माझी शाळा बंद, कारण मोटरसायकल पलीकडे जात नाही. तेव्हा बायकोच्या नोकरीसाठी गाडी, असं त्यानं चारचौघांत सांगितलं आणि चारचौघांनी मान डोलावली.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्याला चिखलात गाडी घालायची हौस आली होती. नागपूर-हैदराबादकडची माणसं खडकांवरून जीपा चढवतात, ते तो मोबाईलवर तासन् तास बघायचा आणि जेवताना भाकरीचे तुकडे मांडून मला समजावून सांगायचा. हा एक्सल, हे चाक, हे चाक हवेत गेलं की सगळा जोर इकडे पळतो. मी 'हो का' म्हणत भाजी वाढायची. चाळिशी आली की कुणी देवाला लागतं, कुणी शेअर बाजाराला. आमच्या माणसाचं ध्यान चिखलाला लागलं होतं.

आषाढात एका सकाळी उटनूरच्या कचेरीत त्याच्या छातीत दुखायला लागलं. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचायच्या आत संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला सगळे जमले. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मी सगळ्यांबरोबर म्हटलं, एकही शब्द चुकला नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या, मी कधी रडते म्हणून. मी पाहुण्यांची ताटं मोजत होते. तिथेच किनवटच्या माझ्या भावानं मला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "दसऱ्याच्या सुट्ट्या संपायच्या आत मी गाडी घेऊन येतो. मोठी रजा टाक. बदलीचं मंग पाहू. आता इथं काय हाय तुहं?"

त्याचं चुकत नव्हतं. आम्हाला मूल नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात राहिलो होतो मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. भावाच्या घरी मला प्रेमानं ठेवलं असतं, रोज विचारून विचारून जेवायला घातलं असतं. पण तिथे मी पाहुणीच असते. इथल्या स्वयंपाकघरात मला कोणता डबा कुठे आहे हे डोळे मिटून सापडतं. मला राहायचं होतं की नाही, तेसुद्धा मला धड वाटत नव्हतं. एवढं मात्र पक्कं होतं, की घर मामंजींचं आहे. त्यांनी 'राह्य' म्हटलं तर मी राहणार होते, आणि काहीच म्हटलं नाही तर भावाच्या गाडीत बसणार होते. प्रश्न एका शब्दाचा होता. आणि तो एक शब्द मला मिळायची सोयच नव्हती.

कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून मामंजी माझ्याशी थेट बोललेले नव्हते. भांडण नव्हतं, राग नव्हता. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलू नये, सुनेनंही सासऱ्याला हाक मारू नये, ही जुनी रीत. आमच्या पिढीत ती बहुतेक घरांतून गेली. आणि मामंजी काही मागासलेले नव्हते. जन्मभर तहसीलमध्ये कारकुनी केलेले, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. सुनेनं नोकरी करू नये असं भावकीत कुणी म्हटलं, तर त्याला उभ्यानं परत पाठवणारे. पण बोलायची वेळ आली की त्यांची मान दुसरीकडे वळायची. "तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय," असं ते मुलाला म्हणायचे. मी समोर वाढत उभी. नवरा माझ्याकडे वळून म्हणायचा, "भाजीत मीठ कमी हाय." मी म्हणायची, "त्याईले सांगा, मिठाचा डबा ताटाजवळच हाय." तो म्हणायचा, "मी या घरातलं पोस्ट ऑफिस हाय. रविवारीबी सुट्टी नाई."

आता पोस्ट ऑफिसच बंद पडलं होतं.

मामंजी मग भिंतीशी बोलायला लागले. "चहा झाला असन आता," असं दाराच्या चौकटीला सांगायचे. "दळण संपलेलं दिसते," असं कणगीला. मीही मग गॅसच्या शेगडीला सांगायची, "अजून दोन दिवसाचं पीठ हाय." कुणी बाहेरून ऐकलं असतं तर दोघांनाही वेड लागलं असं समजून निघून गेलं असतं. मला त्यात हसू येत नव्हतं की वाईट वाटत नव्हतं. काम चालत होतं. पण मीठ आणि दळण भिंतीला सांगता येतं. 'मी राहू का' हे भिंतीला विचारता येत नाही.

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या. पहिल्याच सकाळी मी बैठक झाडायला घेतली आणि त्या खोक्यांना केरसुणी अडली. खोके उचलायचे, खाली झाडायचं आणि परत ठेवायचे, हे मी कितीदा केलं होतं. त्या दिवशी मी खोके उचलले आणि बाहेर नेऊन जीपच्या बॉनेटवर ठेवले. ठरवून काही नाही. परत आत आणायचा कंटाळा आला, एवढंच.

मामंजी अंगणात दात घासत होते. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, चूळ भरली, विहिरीवरून बादली आणली आणि जीप धुवायला लागले. धुता धुता खाली वाकून ते गाडीला म्हणाले, "खालून जंग धरला हिनं."

मी पोतं अंथरलं आणि खाली सरकले. पत्र्याला कडेकडेनं गंज चढला होता, पण बोट आरपार जात नव्हतं. मधली मुख्य लोखंडी चौकट ठणठणीत होती. नवरा म्हणायचा, जुनी जीप घेताना वरचा रंग बघू नये, खाली झोपावं. तो स्वतः बोथला त्या व्यापाऱ्याच्या अंगणात पांढऱ्या शर्टानं खाली झोपला होता आणि तो शर्ट मी नंतर साबणात रात्रभर भिजवून ठेवला होता. मी तारेच्या ब्रशनं गंज खरवडायला घेतला. तोंडावर भुकटी पडत होती. दुसऱ्या बाजूनंही खरवडल्याचा आवाज यायला लागला. मामंजी या वयातही दुसऱ्या चाकामागे आडवे झाले होते.

दोन-चार दिवस आम्ही नुसतं खरवडलं आणि लाल रंग मारला. मग उटनूरहून फिटर आला. तो बोलका माणूस होता. आल्या आल्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, बेच दो. ये शौकवाली गाडी है, लेडीज के काम की नहीं." मी त्याला चहा दिला आणि तेल बदलायला सांगितलं. एक्सलमधलं जुनं तेल त्यानं ताटलीत काढलं, ते दुधाळ निघालं. म्हणजे आत कधीतरी पाणी शिरलेलं. हे मीच त्याला सांगितलं, तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला.

त्या काळ्या नळ्या नेमक्या त्यासाठीच होत्या. एक्सलला श्वास घ्यायला बारीक भोक असतं. गाडी तापलेली असताना नाल्यात शिरली की एक्सल एकदम थंड पडतो आणि त्या भोकातून पाणी आत ओढून घेतो. म्हणून नळी जोडून ते भोक वर इंजिनापाशी न्यायचं. हे मी फिटरला अगदी सरळ सांगितलं. त्यानं ओढायचा हूक बंपरला लावला, तो मी काढायला लावून खाली चौकटीला लावून घेतला. बंपरला लावला की ओढताना बंपर येतो आणि गाडी तिथेच राहते. सांगता सांगता मी थांबले. हे सगळं मला कुठून ठाऊक? जेवताना मी भाजी वाढत होते, 'हो का' म्हणत होते. माझं लक्ष नाही असं मलाच वाटायचं. मी शब्दन् शब्द ऐकला होता. फिटर पाना हातात घेऊन उभा होता आणि मला रडू येईल असं वाटलं. पण आलं नाही. मी त्याला म्हटलं, "बॅटरी भी कसके बांधो. उछलना नहीं चाहिए."

मामंजी दाराशी उभं राहून ऐकत होते. फिटर गेल्यावर ते जीपच्या टपाला म्हणाले, "पोरगं सगळंच शिकवून गेलं म्हणा की."

दसऱ्याच्या दिवशी शेजारच्या भाजीवाल्यांनी आपल्या ट्रॅक्टरला झेंडूचे हार घातले, आणि त्यांच्या घरातल्या वहिनी एक हार घेऊन आमच्या फाटकाशी आल्या. जीप एवढी घासूनपुसून उभी, तिला हार नको का, म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "आमच्यात गाडीची पूजा नसते, माय." पण त्यांनी हार परत केला नाही. आत नेऊन मुलाच्या फोटोला घातला. दर वर्षी या दिवशी बापलेक पांढरे कपडे घालून नागपूरला जायचे. या वर्षी ते इस्त्रीचे पांढरे कपडे घालून अंगणात बसले आणि टायरांच्या खाचांतले खडे खिळ्यानं काढत राहिले. मला त्यांची दया आली की माझी, कोण जाणे. मी आत जाऊन वरणाला फोडणी दिली.

गाडी चालवायला मला नवऱ्यानंच शिकवलं होतं, पण डांबरी रस्त्यावर. दगडधोंड्यात चालवणं वेगळं असतं. तिथे बसल्या जागेवरून चाकाखालचं काही दिसत नाही, म्हणून पुढे एक माणूस उभा राहून हातानं वाट दाखवतो. हे काम मामंजींना येत होतं. तहसीलच्या जीपमधून दौऱ्यावर जाताना नाला आला की डायवर गाडी थांबवायचा. साहेब पँट भिजवणार नाहीत, म्हणून कारकुनानं उतरायचं, काठी टेकत पाणी बघायचं आणि पलीकडून हात करायचे. जन्मभर साहेबांच्या पँटी कोरड्या ठेवल्या, असं ते नवऱ्याला सांगायचे. ते आता उपयोगी पडलं.

बाजार नसलेल्या दिवशी आम्ही बाजाराच्या मैदानात जीप नेली. मी विटा आणि दगड रचले. मामंजी समोर उभे राहिले. दोन्ही पंजे स्वतःकडे हलवले की पुढे ये. एक हात बाजूला गेला की तिकडे वळ. मूठ वर गेली की जागच्या जागी थांब. मी छोट्या गिअरमध्ये गाडी इंचाइंचानं चढवत होते. अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, बाहेर ठेवायचे, कारण चाकाला दगड लागला की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. हेही भाकरीच्या वेळचंच. मामंजी माझ्याकडे नाही, चाकांकडे बघत होते. हात करायला तोंड उघडावं लागत नाही. ते रीतीत बसत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढं काही सांगितलेलं नव्हतं.

परत येताना ते नेहमीसारखे मागच्या बाकड्यावर बसले. पुढची सीट रिकामी. सुनेशेजारी ते कधी बसले नसते.

मग नाला राहिला. सुट्ट्यांचे शेवटचे दिवस होते. शाळेच्या वाटेवरचा तोच नाला, पाऊस उघडला होता तरी पाणी गुडघ्याच्या थोडं खाली होतं. तळाला गोटे, आणि पलीकडे चढाची चिकण माती. भाऊ यायच्या आत मला एकदा ते करून बघायचं होतं. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही. जी गाडी तयार केली ती एकदा पाण्यात घालायची, इतकं साधं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या जुन्या जीपमध्ये आतला दांडा ओढला म्हणून पुढची चाकं लगेच जोर घेत नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती असते. खाली उतरून ती हातानं फिरवायची, उजवीकडची आणि डावीकडचीही. मामंजी तिला कुलूप म्हणत. दोन्ही कुलपं लावली तरच पुढची चाकं ओढतात. एकच लावलं तर सगळा जोर उघड्या बाजूला पळून जातो आणि पुढचं एकही चाक ओढत नाही.

नाल्याच्या काठावर मी जीप थांबवली. टायरमधली हवा घड्याळ लावून कमी केली. मग माझ्या बाजूनं, म्हणजे उजवीकडून, वाकून चकती फिरवली. मामंजी मागून उतरले आणि डाव्या अंगानं पुढे गेले. मी मनात म्हटलं, ते तिकडचं लावतील. त्यांनी मला वाकलेलं पाहिलं आणि मनात म्हटलं, ती दोन्ही लावेल, गाडी तिच्या हाती आहे. दोघांतल्या एकानं जरी तोंड उघडून विचारलं असतं तरी भागलं असतं. विचारणार कोण आणि कुणामार्फत? मामंजींनी झुडपाची काठी मोडली, पाणी चाचपत पलीकडे गेले, वर उभे राहिले आणि पंजे हलवले. ये.

मी शिरले. छोटा गिअर, एकसारखा पाय, मधे गिअर बदलायचा नाही. पाण्याचा आवाज पायांखाली आला. गोट्यांवरून गाडी डुलत गेली, आणि मला काही वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. पुढची चाकं पलीकडच्या मातीला लागली आणि गाडी तिथेच बसली. मागची चाकं गरगर फिरत पाणी उडवायला लागली. पुढून काहीच नाही. मामंजींची मूठ वर गेली. मी थांबले.

त्यांनी वाकून पुढच्या चाकांकडे पाहिलं आणि मग बॉनेटला ओरडून विचारलं, "समोरचे चाकं काऊन नाई फिरून राह्यले? कुलूप लावलं का हिले?"

मी स्टिअरिंगला म्हटलं, "उजवं लावलं."

इंजिनाच्या आवाजात त्यांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांनी परत बॉनेटला विचारलं, "लावलं का नाई हिले कुलूप?" मी परत स्टिअरिंगला सांगितलं. पाणी दाराच्या कडेला लागलं होतं. एक थेंब पायावर पडला. आणि माझ्या डोक्यात काहीतरी चढलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. स्वच्छ, सणसणीत राग. बॉनेटवर, नवऱ्यावर, त्याच्या पार्सलांवर, भिंतींवर, सगळ्यांवर. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ओरडले, "मामंजी! डावीकडचं तुमी लावलं का नाई?"

ते दचकले. काठी हातातून सुटून पाण्यात पडली आणि वाहत गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"मले वाटलं दोनी लावले," ते हळूच म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

मग ते पँट न दुमडता पाण्यात उतरले. डाव्या चाकाशी वाकले, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि चकती फिरवली. कोपर नीट पुसून वर गेले, उभे राहिले, पंजे हलवले. मी पाय दिला. पुढच्या चाकांनी माती धरली आणि जीप चढ चढून वर गेली, काही विशेष घडलंच नाही अशी. वर गेल्यावर मी उतरले. मागच्या चाकाला दगड लावला. मामंजी पाठमोरे उभे राहून पँट पिळत होते. या वेळी ती कुणा साहेबासाठी भिजली नव्हती. मला ते त्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

आम्ही घरी आलो. आणि त्यानंतर तर मामंजी भिंतीशीही बोलेनासे झाले. चहा ठेवला की घ्यायचे, ताट वाढलं की जेवायचे. मी समजले. मी रीत मोडली होती, आणि ओरडून मोडली होती. ते काही बोलणार नाहीत आणि न बोलणं हेच त्यांचं उत्तर. मला वाईट वाटलं, पण पुन्हा सगळं बधिर झालं आणि त्या बधिरपणात बॅग भरायला सोपी गेली. साड्या, शाळेच्या वह्या, चष्म्याचं घर. त्याचा एक स्वेटर मी ठेवला, काढला, ठेवला. हवेचं घड्याळ मात्र मी घेतलं नाही. ते जीपचं होतं.

रविवारी सकाळी भाऊ आला. सोमवारी शाळा सुरू व्हायची होती आणि त्याला मला त्याच्या आत न्यायचं होतं. चहा झाला. त्यानं माझी बॅग उचलून आपल्या गाडीजवळ नेली. मामंजी अंगणात जीपच्या चाकाशी उकिडवे बसून टायरला ते घड्याळ लावत होते. भाऊ त्यांच्याजवळ गेला आणि आदबीनं म्हणाला, "काका, नेतो मंग तिले. तुमचं काही म्हणणं असन तर सांगा."

मी पायरीवर उभी होते. मला वाटलं, हे बरं झालं. आता मधे बोलायला माणूस आहे. पोस्ट ऑफिस पुन्हा उघडलं. आता ते भावाला सांगतील, 'तिले सांगा, सुखानं जा.' मी ते ऐकायला तयार होते.

मामंजी उठले. गुडघ्याला हात टेकून, वेळ लावत. भाऊ समोर उभा होता, बोलायची वाट बघत. ते त्याच्या बाजूनं निघून पायरीपाशी आले, माझ्यापासून दोन हातांवर थांबले आणि माझ्याकडे बघितलं. नीट, सरळ. आमच्या दोघांच्या मधे कुणीही नव्हतं.

"उद्या शाळा हाय तुही," ते म्हणाले. "नाल्याले पाणी राहीन अजून. मी येतो संगं." मग म्हणाले, "उजवीकडचं तू लावजो. डावीकडचं कुलूप मी लावतो."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि त्या जागी रडू आलं. आषाढापासून अडलेलं सगळं एकदम आलं, पायरीवर, भावासमोर, उघड्या फाटकाशी. भाऊ घाबरून माझ्याकडे यायला निघाला, तर मामंजींनी मूठ वर करून त्याला तिथेच थांबवलं.

"रडू दे तिले," ते म्हणाले. हे मात्र ते भावालाच म्हणाले.